भुयारासाठी पैसा नाही

२४ मार्च १९८५ रोजी लॉस एंजेलिस शहराच्या फेअरफॅक्स भागात, थर्ड स्ट्रीटवरच्या एका स्वस्त कपड्यांच्या दुकानात स्फोट झाला. जमिनीतून झिरपलेला मिथेन वायू इमारतीच्या खालच्या बाजूला साठला होता आणि त्याने पेट घेतला. वीसहून अधिक माणसे जखमी झाली. पुढे कित्येक दिवस फुटपाथच्या आणि वाहनतळाच्या भेगांमधून ज्वाळा बाहेर येत होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी हा सगळा पट्टा तेलविहिरींनी भरलेला होता. जवळच ला ब्रेआची डांबराची तळी आहेत, तिथे हिमयुगातल्या प्राण्यांची हाडे आजही निघतात. जमिनीखाली वायू आहे, हे कुणाला नव्याने कळले नव्हते. नवी होती ती भीती, आणि तिला लगेच एक विषय मिळाला. याच भागाखालून शहराची पहिली आधुनिक भुयारी रेल्वे जाणार होती.

त्या रेल्वेसाठी तोवर एक कुदळही पडलेली नव्हती. स्फोटाशी तिचा काही संबंध नव्हता. तरीही त्या भागाचे अमेरिकी काँग्रेसमधले प्रतिनिधी हेन्री वॅक्समन यांनी केंद्राच्या वाहतूक निधीच्या विधेयकात एक अट घालून घेतली. मिथेनचा धोका असलेल्या पट्ट्यातून भुयार खणायचे असेल, तर त्यासाठी केंद्राचा पैसा मिळणार नाही, एवढीच ती अट. भुयार खणू नका असे त्यात कुठेही म्हटलेले नव्हते. शहराला आपल्या हिमतीवर खणायची मुभा होती. पण अशा कामाचा मोठा वाटा वॉशिंग्टनहून आल्याशिवाय कामच उभे राहत नाही, हे अट घालणाऱ्याला ठाऊक होते आणि अट वाचणाऱ्यालाही. गाडी विल्शर बुलेवारच्या खालून पश्चिमेला जायची होती. शहराच्या मध्यापासून निघालेला तो रस्ता लॉस एंजेलिसमधला सर्वांत दाट वस्तीचा आणि सर्वांत जास्त बसप्रवाशांचा. गाडी वेस्टर्न अव्हेन्यूपर्यंत आली आणि थांबली. मुख्य मार्ग त्याआधीच व्हरमाँट अव्हेन्यूपाशी उत्तरेला वळवून हॉलिवूडकडे नेला गेला. मार्ग अभियंत्यांनीच आखला, पण आपल्या हिशेबाने नव्हे. खर्चाच्या विधेयकातल्या एका कलमाने तो त्यांच्याकडून आखून घेतला.

हे पुस्तक अशा कलमांविषयी आहे. सार्वजनिक वाहतुकीच्या बांधकामाला सरकारी पैसा किती, कुठून, कशासाठी आणि कुणाच्या संमतीने, याच्या मर्यादा कायद्याने कशा घातल्या जातात आणि त्या मर्यादांचे पुढे काय होते, हा त्याचा विषय. पुढच्या पानांत कायद्यांची कलमे आहेत, मतपत्रिकांवरचे मजकूर आहेत, न्यायालयाचे निकाल आहेत. हे सगळे साहित्य मुळात रुक्ष. ते कोणत्या भीतीतून, कोणत्या रागातून आणि कोणत्या रास्त काळजीतून जन्माला आले ते माहीत असेल, तर वाचताना हातून सुटणार नाही. म्हणून ही प्रस्तावना थोडी लांबली आहे.

लॉस एंजेलिसच का, याचे उत्तर आधी देतो. पैशावर मर्यादा घालण्याचे जवळजवळ सगळे प्रकार या एका काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, चाळीसेक वर्षांच्या अवधीत, एकमेकांच्या डोक्यावर येऊन बसले. इतरत्र ते सुटे सुटे सापडतात. ओहायोतल्या सिनसिनाटी शहरात मतदारांनी १९१६ मध्ये भुयारी रेल्वेसाठी ६० लाख डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. पहिल्या महायुद्धाने काम लांबले, दरम्यान सिमेंट-पोलादाचे भाव चढले, मंजूर आकडा मात्र तोच राहिला. १९२० मध्ये सुरू झालेले काम १९२७ मध्ये पैसा संपल्यामुळे थांबले. ती रिकामी भुयारे आजही शहराखाली आहेत, त्यांतून एकही गाडी कधी धावली नाही, आणि कर्ज फिटायला १९६६ साल उजाडले. इंडियानाच्या विधिमंडळाने २०१४ मध्ये इंडियानापोलिसच्या परिसराला वाहतुकीसाठी कर लावायची वाट मोकळी करून दिली, पण त्याच कायद्यात लाइट रेलवर खर्च करायला मनाई केली. ही उदाहरणे बोलकी असली तरी एकेकटी आहेत. लॉस एंजेलिसमध्ये एक मर्यादा दुसरीला कशी भिडते आणि दोघींच्या मधल्या फटीतून अखेर काय बाहेर येते, ते दिसते.

तिथल्या गोष्टीची सुरुवात करापासून होते. एके काळी पॅसिफिक इलेक्ट्रिक कंपनीच्या लाल रेल्वेगाड्यांचे मोठे जाळे असलेल्या या प्रदेशात शेवटची लाल गाडी १९६१ मध्ये बंद झाली आणि दोन वर्षांनी शहरातल्या उरल्यासुरल्या ट्रामही गेल्या. नवी रेल्वे बांधण्यासाठी कर लावायचे प्रस्ताव १९६८, १९७४ आणि १९७६ मध्ये मतदारांपुढे आले आणि तिन्ही वेळा पडले. पेट्रोलवरचा राज्याचा कर रेल्वेकडे वळवावा म्हटले तर तीही वाट अरुंद. कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेने तो पैसा रस्त्यांसाठी राखून ठेवला होता. १९७४ च्या घटनादुरुस्तीने तो रेल्वेमार्गांवर खर्च करण्याची सोय झाली, तीही त्या त्या काउंटीच्या मतदारांनी मान्यता दिली तरच.

मग १९७८ चा जून आला. प्रस्ताव १३ या नावाने प्रसिद्ध असलेली घटनादुरुस्ती मतदारांनी मोठ्या बहुमताने मंजूर केली. घरपट्टीचा दर मूल्यांकनाच्या एक टक्क्यावर बांधला गेला. अमेरिकेतल्या करविरोधी राजकारणाचा इतिहास या तारखेपासून सांगायची पद्धत आहे, ती योग्यच आहे. पण वाहतुकीच्या दृष्टीने महत्त्वाचे होते ते त्यातले दुसरे कलम. शहरे, काउंट्या आणि विशेष जिल्हे यांना ‘विशेष कर’ लावायचा असेल, तर दोन तृतीयांश मतदारांची संमती हवी. पैसा किती किंवा कशासाठी, याबद्दल हे कलम काही बोलत नाही. होकार किती मोठा हवा, एवढेच ते ठरवते. माझ्या मते सगळ्या मर्यादांत हीच सर्वांत ताकदवान. रकमेची मर्यादा पुढेमागे वाढवून घेता येते. होकाराची मर्यादा मात्र प्रत्येक नव्या प्रस्तावाच्या वाटेत नव्याने उभी राहते.

दोनच वर्षांनी, १९८० मध्ये, काउंटीने प्रस्ताव ए मतदारांपुढे ठेवला. दर डॉलरच्या खरेदीमागे अर्धा सेंट विक्रीकर. त्या पैशाचे तीन वाटे केले होते. ३५ टक्के रेल्वेला, २५ टक्के काउंटीतल्या गावा-शहरांना त्यांच्या स्थानिक वाहतुकीसाठी, उरलेले ४० टक्के काउंटीच्या वाहतूक आयोगाच्या मर्जीने. शिवाय पहिली तीन वर्षे बसभाडे ५० सेंटवर उतरवण्याचे वचन होते. प्रस्तावासोबत रेल्वेचा एक ढोबळ नकाशाही छापला होता. काउंटीच्या निवडून आलेल्या मंडळाचे सदस्य, म्हणजे सुपरवायझर, केनेथ हान हे या प्रस्तावामागचे मुख्य बळ. साऱ्या गावांना काहीतरी मिळेल, बसवाल्यांना लगेच मिळेल आणि रेल्वेवाल्यांना पुढे मिळेल, अशी ही बांधणी होती. एरवी कर म्हटले की नाक मुरडणाऱ्या त्या काउंटीत ५४ टक्के मते मिळाली.

पण ५४ टक्के म्हणजे दोन तृतीयांश नव्हेत. प्रस्ताव पडला म्हणायचा की तरला? हे प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८२ च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की हा कर लावणाऱ्या वाहतूक आयोगाला मालमत्ता कर लावण्याचा अधिकारच नाही, त्यामुळे प्रस्ताव १३ च्या अर्थाने तो ‘विशेष जिल्हा’ ठरत नाही आणि साधे बहुमत पुरेसे आहे. लॉस एंजेलिसची आजची रेल्वे या वाक्यावर उभी आहे. १९९० मध्ये लाँग बीचला जाणारी पहिली गाडी धावली ती याच पैशावर, आणि बऱ्याच अंशी त्या जुन्या लाल गाड्यांच्याच मार्गावरून. त्याच वर्षी आणखी अर्ध्या सेंटचा प्रस्ताव सी मंजूर झाला, तोही निम्म्याच्या जेमतेम वर मते मिळवून. पुढे १९९५ चा न्यायालयीन निकाल आणि १९९६ ची नवी घटनादुरुस्ती यांनी ही फट बुजवली. तेव्हापासून अशा करासाठी दोन तृतीयांशांशिवाय गत्यंतर उरले नाही.

आता नव्वदीच्या दशकाकडे वळू. या सगळ्या इतिहासातला सर्वांत गुंतागुंतीचा आणि मला सर्वांत जवळचा वाटणारा भाग तोच आहे. भुयारी रेल्वेचा पहिला टप्पा १९९३ च्या जानेवारीत सुरू झाला. लांबी साडेचार मैलांहूनही कमी. पुढचे टप्पे खणले जात असताना खर्च चढत गेला. जून १९९५ मध्ये हॉलिवूड बुलेवारचा एक तुकडा खाली चाललेल्या कामामुळे खचून मोठा खड्डा पडला, आणि त्याची छायाचित्रे पाहून करदात्यांचा विश्वास उडाला. त्याच सुमारास बसची काय अवस्था होती? काउंटीतल्या सार्वजनिक वाहतुकीच्या प्रवाशांपैकी बहुसंख्य बसने जात, आणि ते बहुतांशी गरीब, कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि आशियाई होते. १९९४ मध्ये वाहतूक प्राधिकरणाने, म्हणजे एमटीएने, भाडे १ डॉलर १० सेंटवरून १ डॉलर ३५ सेंट करायचे आणि मासिक पास बंद करायचा निर्णय घेतला. रेल्वेवर अब्जावधी खर्च आणि बसवाल्याचा पास बंद.

बसप्रवाशांची संघटना न्यायालयात गेली. नागरी हक्क कायद्याच्या आधारे दावा झाला आणि १९९६ मध्ये न्यायालयाच्या देखरेखीखाली तडजोड झाली. ती तडजोड या पुस्तकात मुद्दाम सविस्तर दिली आहे. वाचकाने तिच्यातले आकडे नीट पाहावेत. गर्दीच्या वेळी बसमध्ये सरासरी किती माणसे उभी असली तर चालेल, हे तिने ठरवून दिले. १९९७ अखेरपर्यंत १५, २००० च्या मध्यापर्यंत ११, २००२ च्या मध्यापर्यंत ८. मासिक पास परत आला. आणि तडजोडीला मुदत होती ती दहा वर्षांची.

रोज सकाळी बसच्या दांडीला धरून उभे राहणाऱ्या बाईला काय हवे आहे, ते या तडजोडीने मोजता येईल अशा भाषेत सांगितले. रेल्वे बांधू नका असे ती म्हणाली नाही. बसचे हे देणे आधी द्या, असे तिने बजावले. रेल्वेवाल्यांपैकी अनेकांना तेव्हा ती आपल्या प्रकल्पांच्या गळ्यातला धोंडा वाटली, हे खरे आहे. तिच्यासाठी विकत घ्याव्या लागलेल्या बसगाड्यांचा पैसा कुठून तरी येणारच होता. तरीही सार्वजनिक पैशावरची मर्यादा कशी असावी याचा नमुना मला विचारला, तर मी ही तडजोड पुढे करीन. कुणाचे रक्षण करायचे ते तिच्यात स्पष्ट आहे, किती करायचे ते मोजले आहे आणि कधी थांबायचे तेही लिहिले आहे. मुदतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २००६ मध्ये तडजोड संपली आणि २००७ मध्ये प्राधिकरणाने भाडेवाढ मंजूर केली. मुदत असलेले संरक्षण मुदतीनंतर पुन्हा लढून मिळवावे लागते. ते कष्टाचे आहे, पण त्यामुळे प्रश्न जिवंत राहतो.

भुयाराच्या वाढत्या खर्चाच्या रागातून १९९८ चा प्रस्ताव ए आला. नाव तेच, पण रोख नेमका उलटा. काउंटीचे सुपरवायझर झेव्ह यारोस्लाव्स्की यांनी मांडलेल्या या कायद्याने दोन्ही जुन्या विक्रीकरांचा पैसा नव्या भुयारी रेल्वेसाठी वापरण्यास मनाई केली. नॉर्थ हॉलिवूडपर्यंतचे चालू काम तेवढे वगळले. सोबत दरवर्षी स्वतंत्र लेखापरीक्षण आणि नागरिकांची देखरेख समिती आली. सुमारे ६८ टक्के मतदारांनी होकार दिला. रेल्वेसाठी कर द्यायला ५४ टक्के तयार होते, भुयाराला पैसा नको म्हणायला ६८.

मी या कायद्याला मूर्खपणा म्हणणार नाही. लेखापरीक्षणाची तरतूद उत्तम होती. ज्या संस्थेने खर्चाचा ताबा सोडला होता, तिच्या हातून काही काळ पैसा काढून घेणे हा मतदारांचा हक्क होता. पण ‘काही काळ’ हे शब्द त्यात नव्हते. भुयाराचा दर मैलाचा खर्च अमुक रकमेच्या खाली आला, लेखापरीक्षणात सलग काही वर्षे दोष निघाला नाही, तर मनाई उठेल, असेही कुठे लिहिले नव्हते. एका वर्षाच्या रागाला कायमचे कलम मिळाले. पहिला घाव पडला तो पूर्व भागावर. बॉईल हाइट्स या मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी वस्तीला भुयारी रेल्वेचे वचन मिळालेले होते. ते काम १९९८ च्या सुरुवातीलाच थांबवले गेले होते, आता ते पुन्हा सुरू होण्याची वाटही बंद झाली. तिथे पुढे २००९ मध्ये जमिनीवरची गाडी आली. तिचा जो थोडा भाग भुयारात घालावा लागला आणि जी दोन स्थानके जमिनीखाली बांधली गेली, त्यांच्यासाठी विक्रीकराला हात न लावता केंद्राचा आणि राज्याचा पैसा जुळवावा लागला.

दोन कायदे एकमेकांना भिडले ते सॅन फर्नांडो खोऱ्यात, आणि या पुस्तकाचा गाभा तिथे आहे. शहराच्या उत्तरेचा हा पसरलेला, बंगलेवजा घरांचा प्रदेश. तिथे सदर्न पॅसिफिक रेल्वेचा एक जुना, ओस पडलेला लोहमार्ग होता. एमटीएच्या आधीच्या आयोगाने तो विकत घेतला. जागा आयती, सरळ, आपल्या मालकीची. पण तो मार्ग नॉर्थ हॉलिवूडजवळ चँडलर बुलेवारच्या मधोमध जातो. तिथे ऑर्थोडॉक्स ज्यू कुटुंबांची मोठी वस्ती आहे. शब्बाथला गाडीत बसायचे नाही, म्हणून शनिवारी मुलाबाळांसह प्रार्थनास्थळापर्यंत चालत जाणारी ही माणसे. त्यांच्या वाटेत रेल्वे आडवी येणार, ही त्यांची भीती समजण्यासारखी होती. खोऱ्याचे राज्य सिनेटमधले प्रतिनिधी ॲलन रॉबिन्स यांनी १९९१ मध्ये विधिमंडळाकडून कायदा करून घेतला. या पट्ट्यात रेल्वे बांधायची तर ती खोल भुयारातूनच, जमिनीखाली किमान २५ फूट. वरून नाही, उघड्या खंदकातूनही नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस रॉबिन्स यांनी भ्रष्टाचाराच्या खटल्यात गुन्हा कबूल करून राजीनामा दिला. त्यांचा कायदा मात्र राहिला.

आता दोन्ही शेजारी ठेवून पाहा. राज्याचा कायदा म्हणतो, रेल्वे हवी तर फक्त भुयारातून. मतदारांचा कायदा म्हणतो, भुयाराला काउंटीच्या विक्रीकराचा पैसा नाही. कुठलाच कायदा म्हणत नाही की खोऱ्याला रेल्वे नको. दोन्ही एकत्र मात्र नेमके तेच म्हणतात. ऑक्टोबर २००५ मध्ये त्या जुन्या लोहमार्गावर रूळ उखडून डांबरी रस्ता झाला आणि त्यावरून लांब, जोडगाड्यांसारख्या बस धावू लागल्या. ही तेव्हाची ऑरेंज लाइन. पहिल्या काही आठवड्यांत चौकांमध्ये मोटारी तिच्यावर आदळल्या, म्हणून चौक ओलांडताना बसचा वेग ताशी दहा मैलांवर आणावा लागला. तरीही प्रवासी अपेक्षेपेक्षा बरेच जास्त आले आणि गर्दीच्या वेळी बस भरून जाऊ लागल्या. ती बस यशस्वी झाली, याचा आनंद मानायला हवा. पण ती बसच का झाली, याचे प्रवासी संख्या, अंतर आणि खर्च तपासून काढलेले उत्तर कुणाकडे नव्हते. उत्तर दोन कलमांच्या बेरजेतून आले होते. रॉबिन्स यांचा कायदा २०१४ मध्ये विधिमंडळाने रद्द केला. तोवर बसमार्गाला नऊ वर्षे होत आली होती आणि आता चौकांमध्ये फाटके बसवणे, मोठ्या रस्त्यांवर पूल बांधणे यावर वेगळा खर्च करावा लागत आहे.

वॅक्समन यांच्या अटीचा शेवट निराळा झाला. दरम्यान भुयार खणण्याचे तंत्र बदलले. पुढचे तोंड बंद ठेवून, मातीवर दाब कायम राखून पुढे सरकणारी यंत्रे आली. मागोमाग काँक्रीटच्या तुकड्यांचे अस्तर आणि त्यांच्या सांध्यांत वायू अडवणाऱ्या रबरी पट्ट्या. २००५ मध्ये बाहेरच्या तज्ज्ञांच्या समितीने पाहणी करून सांगितले, की विल्शरखालून सुरक्षितपणे खणता येईल. हा अभ्यास घडवून आणणाऱ्यांत स्वतः वॅक्समन होते, आणि अहवाल आल्यावर बंदी उठवण्याचे विधेयकही त्यांनीच आणले. विसाव्या वर्षी आपलीच अट सोडायला उठणारे लोकप्रतिनिधी विरळा, म्हणून त्यांना त्याचे श्रेय दिले पाहिजे. बंदी २००७ च्या अखेरीस उठली. पण ती उठली ती वॅक्समन त्याच जागेवर होते, प्रश्न त्यांच्या लक्षात होता आणि नवा महापौर त्यासाठी आग्रही होता म्हणून. कायद्यात तपासणीची तरतूद नव्हती. तेच प्रतिनिधी मध्येच निवृत्त झाले असते, तर ते कलम अजून किती वर्षे पडून राहिले असते?

बंदी उठली तरी पैसा हवा होताच, आणि १९९८ ची मनाई जुन्या दोन करांवर कायम होती. वाट एकच उरली, नवा कर. नोव्हेंबर २००८ मध्ये मेझर आर हा तिसरा अर्धा सेंट मतदारांपुढे आला, आर्थिक मंदीच्या ऐन सुरुवातीला, आणि दोन तृतीयांशांची रेषा जेमतेम ओलांडून तीस वर्षांसाठी मंजूर झाला. विल्शरच्या पुढच्या टप्प्याचे काम २०१४ मध्ये सुरू झाले. केंद्राने त्यासाठी सव्वा अब्ज डॉलरचे अनुदान कबूल केले. ला ब्रेआच्या स्थानकासाठी खणताना डांबरी मातीतून हिमयुगातल्या हत्तीकुळातल्या प्राण्याची कवटी निघाली, आणि काम थांबवून ती अलगद बाहेर काढली गेली. ज्या वायूच्या भीतीने हा मार्ग वीस वर्षांहून अधिक काळ अडला, त्याच वायूच्या जमिनीत यंत्रे उतरली.

दोन तृतीयांशांच्या अटीची किंमत २०१२ मध्ये कळली. मेझर आरची मुदत आणखी तीस वर्षे वाढवण्याच्या प्रस्तावाला ६६.११ टक्के मते मिळाली. हव्या होत्या ६६.६७. प्रत्येक तिघांपैकी जवळजवळ दोघे हो म्हणाले आणि प्रस्ताव पडला. २०१६ मध्ये मेझर एम ७१ टक्क्यांवर मंजूर झाला. अनेकांना हा उंच उंबरठा लोकशाहीविरोधी वाटतो. मला तो अर्धा पटतो, अर्धा नाही. विक्रीकर गरिबाच्या खिशाला श्रीमंताच्या खिशापेक्षा जास्त लागतो, तेव्हा तो लावण्याआधी मोठा होकार मागणे गैर नाही. पण भुयाराला पैसा बंद करायला निम्म्याहून एक मत जास्त असले तरी चालते आणि तो पैसा उभा करायला दोन तृतीयांश लागतात, ही तागडी सरळ नाही.

मराठी वाचकाने हे का वाचावे, असा प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे मतपत्रिकेवर मेट्रोचा कर येत नाही. मर्यादा आपल्याकडेही आहेत, त्या बहुधा संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या चर्चेतून न येता मंत्रिमंडळाच्या धोरणातून येतात. २०१७ च्या मेट्रो रेल्वे धोरणाने केंद्राची मदत हवी असेल तर कुठल्या तरी अंगात खासगी सहभाग सक्तीचा केला, पर्यायी साधनांचा तुलनात्मक अभ्यास मागितला आणि प्रकल्पाचा समाजाला होणारा आर्थिक परतावा किमान १४ टक्के असावा अशी अट घातली. यातल्या पर्यायांच्या अभ्यासाची अट मला मनापासून पटते. सॅन फर्नांडो खोऱ्यात नेमकी तीच राहून गेली होती. पण १४ हा आकडा शहराच्या मार्गाचे आणि वाहनाचे भवितव्य ठरवतो, आणि त्यावर कुठल्याही महापालिकेत मतदान झालेले नाही. नाशिकसाठी रबरी टायरवरची मेट्रो निओ २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटी रुपयांसह जाहीर झाली आणि नंतरची वर्षे कागदावर राहिली. स्वस्तातला पर्याय म्हणून ती पुढे आली होती. पैशाची मर्यादा वाहनाचा प्रकार कसा ठरवते, हे नाशिककरांना लॉस एंजेलिसला न जाताही समजेल.

आणि कर तर आपण देतोच आहोत. मुंबई, ठाणे, पुणे आणि नागपूर या शहरांत एप्रिल २०२२ पासून घरखरेदीच्या मुद्रांक शुल्कासोबत घराच्या किमतीच्या एक टक्का मेट्रो अधिभार लागू आहे. राज्याच्या कायद्याने तो आला. कुठल्या मार्गाला किती, किती वर्षे, हिशेब कोण तपासणार, याची १९८० च्या त्या प्रस्तावासारखी वाटणी खरेदीदाराच्या हाती कुणी दिलेली नाही. पुण्यात पन्नास लाखांचे घर घेणाऱ्या जोडप्याने पन्नास हजार रुपये मेट्रोला दिलेले असतात, आणि बरेचदा त्यांना ते माहीतही नसते, कारण ती रक्कम शुल्कात मिसळून जाते.

म्हणून पुढची पाने वाचताना प्रत्येक कलमाला दोन प्रश्न विचारा. हा पैसा नेमका कशाला मिळणार नाही, आणि ही मनाई कधी, कुणी तपासायची आहे. मग आपल्या शहराच्या मेट्रोचा सविस्तर प्रकल्प अहवाल आणि राज्याचा अधिभाराचा कायदा काढून तेच दोन प्रश्न तिथेही विचारा. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. तुमच्या घराच्या खरेदीत गेलेला एक टक्का कुठे गेला, हे महापालिकेला आणि मेट्रो कंपनीला लेखी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करा.